गरम हब, थंड पाणी : बोटीच्या ट्रेलरच्या चाकांविषयी वाचकांचे प्रश्न

बोटीचा ट्रेलर साध्या मालवाहू ट्रेलरसारखा दिसतो, पण त्याला एक काम जास्तीचं असतं. रस्त्यावर तापलेली चाकं आणि त्यांचे हब (चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्या आत बेअरिंग असतात तो मधला भाग) तो थेट पाण्यात नेतो. या वेळी आलेल्या पत्रांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्यातच आहे, म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : गेल्या मोसमाआधी दोन्ही बाजूंची बेअरिंग नवी घातली, सीलही नवे बसवले. या वर्षी पहिल्याच फेरीत डाव्या चाकातून घरघर येऊ लागली. हब उघडलं तर ग्रीस दुधाळ झालेलं. नवा सील असताना पाणी शिरलं कसं?

उत्तर : तासभर ओढून आणलेला हब चांगलाच तापलेला असतो. आतली हवा आणि ग्रीस फुगलेलं असतं. तसाच ट्रेलर पाण्यात उतरवला की हब काही सेकंदांत थंड होतो, आतली हवा आकसते आणि हबमध्ये पोकळी तयार होते. ती भरून काढायला बाहेरून काहीतरी आत यावंच लागतं आणि बाहेर पाण्याशिवाय काही नसतं. मागच्या सीलचा, म्हणजे हबच्या मागच्या रबरी कड्याचा, ओठ मुळात ग्रीस बाहेर पडू नये म्हणून बनवलेला असतो. बाहेरून आत येणारा दाब थोपवणं त्याला जमतंच असं नाही, विशेषतः सील एकेरी ओठाचा असेल तर.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. बोटीचे पट्टे सोडणं, बूच लावणं, सामान चढवणं ही कामं आधी उरका आणि हब हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ३० मिनिटं, थांबा. रॅम्पवर मागे रांग लागलेली असताना हे जिवावर येतं, म्हणून बाजूच्या मोकळ्या जागेतच थांबलेलं बरं.

दुसरी गोष्ट सील ज्या जागेवर घासतो ती. सील नवा आणि स्टबवरची (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावरची) ती जागा मात्र गंजलेली किंवा चर पडलेली, ही जोडी फार वेळा दिसते. बोटाचं नख त्या पट्टीवरून फिरवा. नख अडकलं तर नवा सीलही गळणार. बारीक गंज ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाकार घासून काढा, लांबीच्या दिशेने नको. चर खोल असेल तर त्या मापाची स्टेनलेसची पातळ बाही मिळते, ती चढवून वर सील बसवा. सील घेताना दुहेरी ओठाचा आणि आत गोल स्प्रिंग असलेलाच घ्या. ठोकून बसवताना तो तिरका गेला तर स्प्रिंग उडते आणि ते बाहेरून दिसत नाही. त्यामुळे सपाट लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोका.

घरघर पहिल्याच फेरीत का आली, याचं कारण मागच्या मोसमाच्या शेवटच्या फेरीत आहे. तेव्हा शिरलेलं पाणी ट्रेलर उभा असताना बेअरिंगचे रोलर आणि रेस (रोलर ज्यावरून फिरतात ती कडी) जिथे टेकतात तिथे साचून राहिलं. महिन्याभरात तिथे गंजाच्या बारीक उभ्या रेघा उमटतात, रोलरांच्या अंतरावर, अगदी आखल्यासारख्या. चाक फिरू लागलं की त्याच रेघांवरून पोलादाचे पापुद्रे सुटतात. म्हणून मोसम सुरू होताना हब उघडण्यापेक्षा मोसम संपताना उघडणं शहाणपणाचं. पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरचं ग्रीस निदान वर्षातून एकदा पूर्ण बदला.

दुधाळ ग्रीस निघालं म्हणजे बेअरिंग वाया गेलं असं लगेच समजू नका. रॉकेलमध्ये किंवा डिग्रीझरमध्ये धुवा, कापडाने पुसून सावलीत वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने भिरभिर फिरवू नका. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर ते खराब होतंच, वर पिंजरा तुटून रोलर अंगावर उडू शकतात. मग उजेडात पाहा. एकसारखी राखाडी झाक चालेल. रेघा, खड्डे किंवा निळसर-पिवळट रंग दिसला तर बेअरिंग बदला. निळसर रंग म्हणजे पोलाद तापून नरम पडलं आहे. बदलताना कोन (रोलर असलेला आतला भाग) आणि हबमधला कप (ठोकून बसवलेलं बाहेरचं कडं) दोन्ही बदला. जुन्या कपावर नवा कोन बसवणं म्हणजे अर्धीच दुरुस्ती.

सुमारे १,६०० किलो क्षमतेच्या ॲक्सलवर बहुतेक वेळा आत एल ६८१४९ कोन आणि एल ६८१११ कप, बाहेर एल ४४६४९ कोन आणि एल ४४६१० कप सापडतात. स्टबचा व्यास आत ३४.९ मिमी, बाहेर २७ मिमी. पण काही हलक्या ॲक्सलवर स्टब एकाच जाडीचा असतो आणि दोन्हीकडे एल ४४६४९च लागतं. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचल्याशिवाय नवं घ्यायला जाऊ नका.

प्रश्न : हबच्या टोपीच्या जागी स्प्रिंगवाला बेअरिंग प्रोटेक्टर बसवला आहे. दर फेरीआधी ग्रीस गनचे पाच-सहा दट्टे मारतो. आता चाकाच्या आतल्या बाजूला आणि टायरवर ग्रीसचे फटकारे दिसतात. कशामुळे?

उत्तर : जास्त काळजी घेतल्यामुळे. त्या टोपीतली स्प्रिंग ग्रीसवर हलका दाब ठेवते, म्हणजे हब थंड झाला तरी आत पोकळी होत नाही आणि पाणी खेचलं जात नाही. त्यासाठी स्प्रिंगचा पिस्टन (टोपीतली सरकती चकती) आपल्या जागेवरून ३ मिमी बाहेर आला की काम झालं. पिस्टनची कड बोटाने दाबून पाहा. ती डुलली तर आत ग्रीस पुरेसं आहे आणि आणखी भरायची गरज नाही. तरीही गन दाबत राहिलात तर ग्रीसला वाट एकच उरते, मागचा सील. एकदा त्याचा ओठ उलटला की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. ब्रेक असलेल्या चाकावर ते ग्रीस थेट लायनरवर जातं. ग्रीस प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, बदलाच, आणि ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. या टोपीतून भरलेलं ग्रीस बाहेरच्या बेअरिंगपाशी येतं. आतल्या बेअरिंगचं जुनं ग्रीस त्याने बदललं जात नाही. ज्या स्टबला मधोमध भोक असून टोकाला ग्रीस भरायचं निपल असतं, त्यात मात्र ग्रीस आतल्या बेअरिंगच्या मागून निघून पुढे येतं. अशा हबमध्ये भरताना चाक जॅकवर उचला, एका हाताने सावकाश फिरवत राहा आणि पुढून जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत हातगनने हळूहळू भरा. हवेवर चालणारी गन इथे वापरू नका.

ग्रीस कोणतं? एनएलजीआय २ दर्जाचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा), व्हील बेअरिंगसाठीचं आणि पाण्याला टिकणारं. लिथियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट चालतं. पॉलियुरिया लिथियमवर भरू नका. जात जुळली नाही तर मिश्रण पातळ होऊन गळून जातं. आधी काय भरलं होतं ते माहीत नसेल तर सगळं धुऊन नव्याने भरा.

प्रश्न : हबचा नट किती घट्ट करायचा? एक मेकॅनिक म्हणतो पूर्ण जोर लाव, दुसरा म्हणतो बोटाने फिरव.

उत्तर : दुसरा बरोबर आहे, फक्त त्याने मधली पायरी सांगितली नाही. पहिल्याला हल्लीच्या कारच्या सीलबंद हबची सवय असावी. तिथे नट खरोखरच प्रचंड ताकदीने आवळतात. ट्रेलरचं निमुळत्या रोलरचं बेअरिंग तसं आवळलं तर पहिल्या तासाभरातच जळू शकतं.

हब चढवा, वॉशर आणि नट लावा. हब हाताने फिरवत फिरवत नट सुमारे ६५ ते ७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. यामुळे कप आणि कोन आपापल्या जागी बसतात आणि मधलं जादा ग्रीस बाहेर ढकललं जातं. आता हब न फिरवता नट पूर्ण सैल करा. मग पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी नट टेकेपर्यंत फिरवा. कॉटर पिनचं (नट फिरू न देणाऱ्या दुपाती पिनचं) भोक जुळलं तर पिन घाला. जुळलं नाही तर नट सैल करण्याच्या दिशेने पहिल्या खाचेपर्यंत न्या, घट्ट करण्याच्या दिशेने कधीच नको. शेवटी हबला आत-बाहेर ०.०३ ते ०.२५ मिमी एवढा खेळ राहायला हवा. डायल गेज नसेल तर टायर वर आणि खाली धरून हलवा. जेमतेम जाणवेल एवढी हालचाल ठीक, ठक असा आवाज आला तर जास्त.

कॉटर पिन दर वेळी नवी. जुनी सरळ करून परत घातलेली पिन वाकण्याच्या जागीच तुटते आणि मग नट पडायला अडवणारं काही राहत नाही.

प्रश्न : हब किती तापला तर थांबावं?

उत्तर : आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. निघाल्यावर २०-२५ किलोमीटरवर आणि मग प्रत्येक थांब्यावर सगळे हब तपासा. लेझर थर्मामीटर स्वस्तात येतो, पण तो चकचकीत क्रोमच्या टोपीवर रोखला तर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. हबवर काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच मापा.

ब्रेक नसलेला हब उन्हात, भरलेल्या बोटीसह ५० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाणं नेहमीचं. ब्रेकचा हब त्याहून तापतो, उतार उतरून आल्यावर तर बराच. एकाच ॲक्सलच्या दोन हबांत २० अंशांचा फरक दिसला तर मात्र त्याच जागी कारण शोधा. चाक उचलून हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी हाताला जाणवते. चाक मोकळं फिरत नसेल तर ब्रेक अडकला आहे, त्याविषयी पुढे आहेच. आणि ग्रीस वितळून टोपीतून थेंब थेंब गळत असेल तर एवढी एक फेरी पूर्ण करू, असा विचार करू नका. त्यानंतरची पायरी म्हणजे कोन स्टबवर चिकटून बसणं आणि मग दुरुस्ती बेअरिंगची राहत नाही, ॲक्सलची होते.

प्रश्न : ट्रेलरला धक्क्याने लागणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. रॅम्पवर मागे घेताना चाकं जाम होतात. सपाट जागेत मात्र ट्रेलर नीट मागे जातो.

उत्तर : या ब्रेकला गाडी थांबते आहे की मागे येते आहे हे कळत नाही. गाडीने ट्रेलरला ढकललं की पुढचा कपलर (गाडीला जोडणारा भाग) आत सरकतो, मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक लागतात. सपाट जागेत ढकलायला जोर कमी लागतो म्हणून चालून जातं. चढावर, गवतात किंवा रॅम्पच्या खडबडीत तोंडाशी जोर वाढतो आणि ब्रेक लागतो.

तुमच्या ट्रेलरवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने चालणारा व्हॉल्व्ह) असेल तर रिव्हर्स गिअर पडताच तो चाकांकडे जाणारी नळी बंद करतो. त्याला वीज रिव्हर्स लाइटच्या तारेतून, ट्रेलरच्या दिव्यांच्या प्लगच्या पाचव्या पिनवरून येते. आणि इथेच एक गंमत होते. पाण्यात उतरण्याआधी दिवे वाचवायला बरेच जण प्लग काढून ठेवतात. प्लग निघाला की सोलेनॉइडही बंद. चाकं जाम झाली म्हणून ब्रेक उघडून बसतात आणि दोष मात्र हातात धरलेल्या प्लगमध्ये असतो! प्लग परत लावा, दुसऱ्याला रिव्हर्स टाकायला सांगा आणि व्हॉल्व्हपाशी कान द्या. टक् असा आवाज यायला हवा. आला नाही तर पाचव्या पिनवर १२ व्होल्ट आहेत का ते टेस्टरने पाहा, मग अर्थची तार. गंजलेली अर्थ हे नेहमीचं कारण आहे.

आवाज येतो तरी चाकं जाम होतात? मग थांबताना दाबलेला कपलर आतच राहिला आहे आणि व्हॉल्व्हने तो दाब नळीतच कोंडला आहे. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी अर्धा मीटर पुढे घ्या, कपलर बाहेर खेचला जाईल, मग मागे या. कपलर अडवायला हाताने घालायची खीळ असेल तर तीही चालते, पण पुढे निघण्याआधी ती काढायला विसरलात तर ट्रेलरला ब्रेकच नसतो. ती खीळ गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात ठेवलेली बरी.

प्रश्न : ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले. आता दोन्ही डिस्क सतत तापतात आणि पॅड झिजतात. शिवाय कितीही हवा काढली तरी ब्रेक स्पंजीच.

उत्तर : एकाच बदलातून आलेल्या या दोन वेगळ्या चुका दिसतात.

ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो नळीत सुमारे १० पीएसआय दाब कायम राखतो. ड्रममध्ये शूच्या स्प्रिंगा जोरकस असल्याने तेवढ्या दाबाने काही बिघडत नाही. डिस्कच्या कॅलिपरला मागे खेचणारी स्प्रिंगच नसते, त्यामुळे तोच दाब पॅड डिस्कला चिकटवून ठेवतो. तो व्हॉल्व्ह काढा किंवा डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडर घ्या. एक सोपी परीक्षा आहे. तापलेलं चाक उचला, ते जड फिरत असताना ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) अर्धा फेरा सोडा. थोडं ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं तर दाब कोंडलेला आहे. कारण हा व्हॉल्व्ह, आतून फुगलेला रबरी पाइप किंवा गंजून पूर्ण बाहेर न येणारा कपलर. ब्लीडर सोडूनही चाक जडच राहिलं तर दोष चाकापाशीच आहे, कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकपिना गंजल्या आहेत.

स्पंजीपणासाठी ब्लीडर कुठे आहे ते पाहा. तो कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ब्लीडर खाली येतो आणि हवेचा बुडबुडा वरच अडकतो. तुम्ही दिवसभर पंप केलंत तरी तो निघणार नाही. कॅलिपरांची पुन्हा अदलाबदल करा किंवा कॅलिपर सोडून, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी धरून, ब्लीडर वर येईल असा धरून हवा काढा. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने.

डिस्कला मागे जाताना आपोआप सुटणारी यंत्रणा नसते. मागच्या उत्तरातला सोलेनॉइड तुमच्याकडे नसेल तर तोही बसवावा लागेल.

ज्यांचे ड्रमच आहेत त्यांच्यासाठी : ॲडजस्टरच्या दातेरी चाकाने शू घट्ट करा, ड्रम हलेनासा झाला की साधारण १० दाते मागे घ्या. त्या वेळी ड्रम फक्त पुढे जाण्याच्या दिशेने फिरवा. खाऱ्या पाण्यात जाऊन आल्यावर ड्रममध्ये गोड पाण्याचा मारा त्याच दिवशी व्हायला हवा, दुसऱ्या दिवशी मीठ वाळून घट्ट झालेलं असतं.

प्रश्न : चाकाचे नट दोनदा सैल सापडले.

उत्तर : नवं किंवा नव्याने रंगवलेलं रिम असेल तर नटाखालचा रंग दबतो आणि पकड जाते. जस्ताचा थर असला तरी तसंच. अर्ध्या इंची स्टडला (नट ज्या बोल्टवर चढतो त्याला) साधारण १२० ते १६० न्यूटन-मीटर, तेही तीन टप्प्यांत आणि समोरासमोरचे नट घेत. मग १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा. आटे कोरडे ठेवा. ग्रीस लावून तोच आकडा गाठलात तर स्टडवर ताण बराच जास्त येतो. सैल नटावर चाक बरंच चाललं असेल तर रिमची भोकं लंबगोल झाली आहेत का पाहा. झाली असतील तर रिम बाद. एक स्टड तुटला असेल तर शेजारचे दोनही बदला.

प्रश्न : नक्षी जवळजवळ नवी असलेला टायर फुटला. टायर कंपनीचा दोष मानायचा का?

उत्तर : आधी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बोटीच्या ट्रेलरचा टायर झिजून क्वचितच संपतो, तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. सहा वर्षं उलटली की नक्षी कितीही असली तरी बदलावा. दुसरी शंका हवेची. ट्रेलरच्या टायरमध्ये सहसा बाजूवर लिहिलेला कमाल दाब, टायर थंड असताना भरतात. कमी हवेत बाजू जास्त वाकते, तापते आणि पट्टा सुटतो. तिसरी शंका वजनाची. कागदावरचं बोटीचं वजन बहुधा रिकाम्या बोटीचं असतं. १५० लिटर पेट्रोल म्हणजेच सुमारे ११० किलो, शिवाय इंजिन, बॅटऱ्या, नांगर आणि तळात साचलेलं पावसाचं पाणी. भरलेल्या अवस्थेत काट्यावर चढवून पाहा.

प्रश्न : लांबच्या प्रवासात सोबत काय ठेवावं?

उत्तर : सुटी बेअरिंग नकोत, आख्खा तयार हब ठेवा. कप ठोकलेले, ग्रीस भरलेलं, मागचा सील बसवलेला, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. रस्त्याच्या कडेला, अंधारात कप ठोकत बसणं कुणालाच जमत नाही. हब बदलायला मात्र अर्धा तास पुरतो. सोबत वॉशर, नट, दोन कॉटर पिना, टोपी, पक्कड, मोठा ॲडजस्टेबल पाना, हातोडी, चिंध्या आणि हातमोजे. डिस्क किंवा ड्रम हबला जोडलेला असेल तर सुटा हबही तसाच जोडलेला हवा. ट्रेलरच्या वजनाला पुरेल असा जॅक, चाकाखाली घालायला दोन ठोकळे आणि मऊ जमिनीसाठी जॅकखाली टाकायला जाड फळी. गाडीचा जॅक ट्रेलरच्या ॲक्सलखाली जातो का आणि गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतो का, हे घरीच एकदा करून बघा. बऱ्याचदा दोन्ही बसत नाहीत.